यकृतपेशींतील प्रथिनांचे ऑक्सिडीकरण आणि क व ई जीवनसत्त्वे : प्रयोग मांडण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

मराठवाड्यातील महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय निवडताना ऑक्सिडीकरणरोधक जीवनसत्त्वे हा विषय वरचेवर पुढे येतो. कुणाला जालन्याच्या मोसंबीचा अर्क तपासायचा असतो, कुणाला आवळ्याचा, तर कुणाला करडईच्या तेलातील ई जीवनसत्त्वाचा. यांपैकी बहुतेक कामांत ‘जीवनसत्त्व दिले, नुकसान कमी झाले’ एवढेच दाखवायचे असते आणि प्रयोगाची मांडणीही त्याच उत्तराकडे झुकलेली असते. या लेखात यकृतपेशींतील प्रथिनांवर या जीवनसत्त्वांचा होणारा परिणाम कसा मोजावा हे क्रमाने दिले आहे. मात्र सगळ्या पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे : जीवनसत्त्वाने जे काही केले ते पेशीच्या आत केले, पेशीबाहेरील माध्यमात केले की मोजणीच्या नळीत केले, हे वेगळे काढता आले पाहिजे. ते काढता आले नाही, तर आलेख कितीही देखणा निघाला तरी त्याचा अर्थ लावता येत नाही.

आधी रसायन समजून घ्यावे

प्रथिनांचे ऑक्सिडीकरण अनेक प्रकारचे असते. मेथिओनीनचे सल्फॉक्साइड होते आणि पेशी ते मेथिओनीन सल्फॉक्साइड रिडक्टेज या विकराच्या साहाय्याने पुन्हा पूर्वपदावर आणू शकते. सिस्टीनच्या गंधकावर होणारे काही बदलही उलटवता येतात. कार्बोनिल गट (कार्बन व ऑक्सिजन यांच्यातील दुहेरी बंधाचा गट) मात्र एकदा तयार झाला की तो दुरुस्त होत नाही. ते प्रथिन मोडून टाकण्याचे काम मुख्यतः प्रोटिअसोमवर, म्हणजे पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेवर पडते. त्यामुळेच नुकसानीचे माप म्हणून कार्बोनिल सर्वाधिक वापरला जातो.

कार्बोनिल तीन वाटांनी येतो. पहिल्या वाटेत मोकळे लोह किंवा तांबे हायड्रोजन पेरॉक्साइडशी फेंटन अभिक्रिया करते आणि त्यातून निघालेला हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील रेणू, फ्री रॅडिकल) लायसीन, आर्जिनीन, प्रोलीन व थ्रिओनीन यांच्या पार्श्वशाखांवर थेट आघात करतो. आर्जिनीन व प्रोलीनपासून ग्लुटामिक सेमिॲल्डिहाइड, तर लायसीनपासून अमिनोॲडिपिक सेमिॲल्डिहाइड बनते. दुसऱ्या वाटेत आधी पेशीपटलातील मेदाम्लांचे पेरॉक्सिडीकरण होते, त्यातून मॅलॉनडायॲल्डिहाइड आणि ४-हायड्रॉक्सिनोनेनाल यांसारखी ॲल्डिहाइडे सुटतात आणि ती प्रथिनांच्या लायसीन, हिस्टिडीन व सिस्टीनला चिकटतात. तिसरी वाट साखरेची आहे आणि ज्या माध्यमात लिटरमागे ४.५ ग्रॅम ग्लुकोज असते तेथे तिच्याकडे डोळेझाक करू नये.

दोन्ही जीवनसत्त्वांची कामे या वाटांवरून ओळखता येतात. अल्फा-टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाचे मुख्य रूप, मेदात विरघळणारे आहे. ते पेशीपटलात बसते आणि मेदाच्या पेरॉक्सिडीकरणाची साखळी तोडते. प्रथिनांचे रक्षण ते बहुतांशी दुसरी वाट अडवून, म्हणजे अप्रत्यक्षपणे करते. क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बेट, पेशीद्रवात असते, मूलकांना थेट निष्प्रभ करते आणि ई जीवनसत्त्वाचा झालेला मूलक पुन्हा मूळ रूपात आणते. हेच ॲस्कॉर्बेट मोकळ्या लोहाच्या सान्निध्यात फेरिक लोहाचे फेरस करते आणि फेंटन अभिक्रियेला चालना देते. परीक्षानळीत प्रथिने मुद्दाम ऑक्सिडाइज करण्यासाठी संशोधक गेली अनेक दशके लोह आणि ॲस्कॉर्बेट यांचेच मिश्रण वापरत आले आहेत. रक्षण करणारे म्हणून तपासायला घेतलेले द्रव्य दुसऱ्या बाटलीत आघाताचे साधन असते, ही गोष्ट प्रयोग मांडताना सतत ध्यानात ठेवावी.

कोणते यकृत घ्यावे

पर्याय तीन आहेत आणि निवड पैशांपेक्षा प्रश्नावर अवलंबून असावी.

हेपजी-२ ही मानवी यकृताच्या गाठीपासून मिळालेली पेशीवंशावळ पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळते. ती हाताळायला सोपी आहे आणि मानवी पेशींप्रमाणेच तिला क जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही. नेहमीच्या डीएमईएम माध्यमातही हे जीवनसत्त्व नसते. याचा अर्थ असा की ताटलीतील हेपजी-२ पेशी जवळपास ‘क’-शून्य अवस्थेत वाढत असतात आणि थोडे ॲस्कॉर्बेट दिल्यावर दिसणारा फायदा हा अनेकदा केवळ उणीव भरून निघाल्याचा असतो. या वंशावळीत औषधे हाताळणारी सायटोक्रोम पी-४५० विकरे फार कमी असतात. त्यामुळे पॅरासिटामॉलसारख्या, विकरांनी रूपांतर केल्यावरच विषारी होणाऱ्या द्रव्याचा आघात येथे दाखवू नये.

प्रयोगशाळेतील लहान उंदीर (माउस) व मोठे उंदीर (रॅट) यकृतातच क जीवनसत्त्व बनवतात, कारण त्यांच्याकडे गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे विकर शाबूत आहे. त्यांना बाहेरून क दिल्यावर फारसा फरक दिसला नाही, तर त्यात नवल नाही. क जीवनसत्त्वाचा प्रश्न प्राण्यात सोडवायचा असेल, तर हे विकर नसलेला गिनीपिग अधिक योग्य ठरतो. प्राण्यांवरील कामासाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी काम सुरू होण्याआधीच हवी; नमुने गोळा झाल्यावर मागितलेली परवानगी चालत नाही.

तिसरा पर्याय मटणाच्या दुकानातून आणलेली बकऱ्याची ताजी कलेजी हा आहे. पेशीसंवर्धनाची सोय नसलेल्या परभणी, हिंगोली किंवा धाराशिवच्या महाविद्यालयांत तो सहज शक्य आहे. कलेजी बर्फात आणावी, थंड सलाईनने रक्त जाईपर्यंत धुवावी आणि थंड फॉस्फेट बफरमध्ये तिचा दहा टक्के लगदा करावा. येथे जिवंत पेशी नाहीत, म्हणून यावरून पेशीच्या संरक्षणाविषयी काही सिद्ध होत नाही. पण मोजणीची पद्धत हाताखालून घालायला आणि ॲस्कॉर्बेटचा दुहेरी स्वभाव प्रत्यक्ष पाहायला याहून स्वस्त साधन नाही. लगद्याचे चार भाग करावेत : एक तसाच ठेवावा, दुसऱ्यात ५० मायक्रोमोलर फेरिक क्लोराइड व १ मिलिमोलर ॲस्कॉर्बेट घालावे, तिसऱ्यात त्यासोबत लोह बांधून ठेवणारे डेफेरॉक्सामीन घालावे आणि चौथ्यात फक्त ॲस्कॉर्बेट घालावे. ३७ अंशांवर काही तास ठेवून चारही भागांतील कार्बोनिल मोजावेत. मुख्य प्रयोगाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने हे एकदा करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

द्रावणे तयार करताना

ॲस्कॉर्बिक आम्लाचे द्रावण आम्लधर्मी असते आणि ते माध्यमाचा सामू खाली ओढते. म्हणून सोडियम ॲस्कॉर्बेट वापरावे. १०० मिलिमोलर साठ्यासाठी मिलिलिटरमागे १९.८ मिलिग्रॅम लागते. द्रावण त्याच दिवशी बनवावे, बर्फावर व अंधारात ठेवावे आणि उरलेले टाकून द्यावे. पिवळसर झालेले द्रावण वापरू नये. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात क जीवनसत्त्व सुमारे ५० ते ८० मायक्रोमोलर असते, म्हणून मात्रांची मालिका २५ मायक्रोमोलरपासून सुरू करावी आणि मिलिमोलरची मात्रा घेतलीच, तर ती का घेतली हे लिहावे.

अल्फा-टोकोफेरॉलचा ५० मिलिमोलर साठा निर्जल इथेनॉलमध्ये करावा. त्यासाठी मिलिलिटरमागे २१.५ मिलिग्रॅम लागते. हा साठा माध्यमात हजारपट पातळ केला की ५० मायक्रोमोलर टोकोफेरॉल आणि ०.१ टक्का इथेनॉल मिळते. यकृतपेशी इथेनॉलचा चयापचय करतात. त्यामुळे तेवढेच इथेनॉल दिलेला गट नसेल, तर टोकोफेरॉलविषयीचा कोणताही निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही. टोकोफेरिल ॲसिटेट अधिक टिकाऊ असते म्हणून स्वस्तात मिळते, पण पेशीने त्यातील ॲसिटेट तोडल्याशिवाय ते ऑक्सिडीकरण रोखत नाही. कलेजीच्या लगद्यात किंवा थोड्या वेळाच्या प्रयोगात ते वापरणे चुकीचे आहे.

कार्बोनिलला जोडले जाऊन मोजता येणारा रंग देणारे डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझीन, म्हणजे डीएनपीएच, कोरडे झाल्यास स्फोटक असते आणि म्हणूनच ते पाण्याने ओलसर करून बाटलीत भरलेले येते. बाटलीवर ३० टक्के पाणी लिहिले असेल, तर १०० मिलिलिटर १० मिलिमोलर द्रावणासाठी १९८ नव्हे, तर सुमारे २८३ मिलिग्रॅम घ्यावे लागते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सैल झाकणाची बाटली कपाटात वाळत राहते. झाकणाच्या आट्यांवर कोरडी पूड दिसली तर ती खरवडू नये आणि बाटली प्रयोगशाळाप्रमुखांच्या ताब्यात द्यावी.

पाण्याविषयीही येथेच सांगितले पाहिजे. आपल्याकडच्या बोअरवेलचे पाणी जड असते आणि गंजलेल्या नळांतून येताना त्यात लोहही मिसळते. एकदाच ऊर्ध्वपातन केलेल्या पाण्यावर विसंबून न राहता आयनमुक्त पाणी घ्यावे आणि काचेची भांडी सौम्य आम्लात भिजवून धुवावीत. ज्या प्रयोगाचे उत्तर काही मायक्रोमोलर लोहावर फिरते, त्यात पाणी हे नगण्य घटक राहत नाही.

पेशींवरील प्रयोग

पेशी ८० टक्के दाट झाल्यावर जीवनसत्त्व द्यावे. टोकोफेरॉल पेशीत हळूहळू शिरते, म्हणून ते रक्तजल असलेल्या माध्यमात २४ तास आधी द्यावे. ॲस्कॉर्बेट माध्यमात काही तासांत नष्ट होते, म्हणून ते आघाताच्या थोडे आधी द्यावे किंवा दीर्घ काळासाठी ॲस्कॉर्बेट-२-फॉस्फेट हे टिकाऊ रूप घ्यावे. शक्य असेल तर पेशीत प्रत्यक्ष किती जीवनसत्त्व पोहोचले हे एचपीएलसीने (द्रव क्रोमॅटोग्राफीच्या उपकरणाने) मोजावे. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांच्या विभागांतील उपकरणांवर वेळ मागता येतो आणि त्यासाठी केलेला पत्रव्यवहार वाया जात नाही.

आता खरा पेच येतो. ॲस्कॉर्बेट माध्यमातील लोह-तांब्याच्या साहाय्याने आपोआप ऑक्सिडाइज होते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. डीएमईएममध्ये तर फेरिक नायट्रेट हा घटक मुळातच असतो. हे पेरॉक्साइड पेशीच्या बाहेर, प्लास्टिकच्या ताटलीत तयार झालेले असते. त्याने पेशींना धक्का बसू शकतो, किंवा हलका धक्का बसून पेशींची स्वतःची संरक्षक विकरे वाढू शकतात. म्हणजे अपाय आणि फायदा या दोन्हींचे खोटे चित्र उभे राहू शकते. उपाय सोपा आहे : ॲस्कॉर्बेटसोबत माध्यमात कॅटलेज, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारे विकर, घातलेला एक गट ठेवावा. कॅटलेजमुळे परिणाम नाहीसा झाला, तर तो परिणाम माध्यमातल्या पेरॉक्साइडचा होता असे समजावे. त्यानंतर आघातासाठी पेरॉक्साइडच वापरायचे असेल, तर आधी पेशी धुऊन कॅटलेज काढून टाकावे.

आघातासाठी काय निवडावे यावर उत्तराचा निम्मा भाग आधीच ठरून जातो. टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड मेदाचे पेरॉक्सिडीकरण जोरात घडवते, म्हणून तेथे टोकोफेरॉल उठून दिसते. हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीद्रवात पसरते आणि तेथे टोकोफेरॉल फिके पडू शकते. दोन्ही आघात घ्यावेत. एकच घेतल्यास निष्कर्षही त्याच आघातापुरता लिहावा. पेरॉक्साइडच्या बाटलीवरील टक्केवारी जुनी असू शकते, म्हणून २४० नॅनोमीटरवर शोषण पाहून, ४३.६ हा मोलर गुणांक धरून तीव्रता काढावी. माध्यमात सोडियम पायरुवेट असेल, तर ते पेरॉक्साइड गिळून टाकते. आघातापुरते पायरुवेट व रक्तजल नसलेले माध्यम किंवा साधे लवणद्रावण वापरावे. मात्रा अशी बसवावी की ८० टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत राहतील, कारण मरणाऱ्या पेशींतील कार्बोनिल मोजून जीवनसत्त्वाविषयी काही कळत नाही. पेशींचा जिवंतपणा एमटीटीने (जिवंत पेशी ज्याला जांभळे करतात त्या रंगद्रव्याने) तपासत असाल, तर ॲस्कॉर्बेट एमटीटीला पेशींविनाही जांभळे करते हे विसरू नये. पेशी नीट धुवाव्यात आणि पेशीविरहित खाचेतही तीच तपासणी करावी.

गट कमीत कमी एवढे हवेत : नुसत्या पेशी, इथेनॉल दिलेल्या पेशी, फक्त जीवनसत्त्व, फक्त आघात, दोन्ही, ॲस्कॉर्बेट दिले असेल तर कॅटलेजचा वरील गट, आणि आघातासोबत डेफेरॉक्सामीन. शेवटचा गट अनेक जण गाळतात. लोह बांधून ठेवल्यावरही कार्बोनिल कमी होत नसतील, तर एकतर आघाताचा मार्ग लोहाचा नाही किंवा मोजणी बिघडली आहे, आणि दोन्ही शक्यता जीवनसत्त्वाचा आकडा वाचण्याआधी तपासाव्या लागतात. एकाच ताटलीतील तीन खाचा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पिढीच्या पेशींवर केलेले किमान तीन स्वतंत्र प्रयोग धरावेत.

कार्बोनिलची मोजणी

पेशी थंड फॉस्फेट सलाईनने दोनदा धुवाव्यात आणि ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये, सामू ७.४ ठेवून, बर्फावर फोडाव्यात. बफरमध्ये लोह बांधणारे डीटीपीए १ मिलिमोलर, ऑक्सिडीकरण रोखणारे बीएचटी ०.१ मिलिमोलर आणि प्रथिनविघटन रोखणारे मिश्रण असावे. ईडीटीएपेक्षा डीटीपीए बरे, कारण ईडीटीएने बांधलेले लोह फेंटन अभिक्रिया करतच राहते. डीटीपीए व बीएचटी नसतील, तर नमुना फ्रीझरमध्ये पडून असतानाही त्याचे ऑक्सिडीकरण चालू राहते आणि भारनियमनात फ्रीझर काही तास बंद पडला, तर गटागटांतील फरक त्यातूनच निर्माण होतो. शक्यतो नमुने गोठवू नयेत. गोठवायचेच असतील, तर सर्व गटांचे नमुने एकाच दिवशी गोठवून एकाच दिवशी काढावेत.

पेशी फोडल्यावर जोरात सेंट्रिफ्यूज करून वरचे स्वच्छ द्रावण घेण्याची सवय येथे घातक आहे. टोकोफेरॉल ज्या पटलात काम करते, ते पटल आणि त्यातील प्रथिने तळाशी जातात आणि आपण ती फेकून देतो. प्रथम १,००० जी या मंद वेगाने फक्त केंद्रके व न फुटलेल्या पेशी काढाव्यात. नंतर २८० व २६० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर पाहावे. ते १ हून कमी असेल, तर न्यूक्लिक आम्ले अधिक आहेत असे समजावे. तीही डीएनपीएचसोबत रंग देऊ शकतात, म्हणून १ टक्का स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट घालून, १५ मिनिटे थांबून ती खाली बसवावीत.

प्रत्येक नमुन्याचे साधारण १ मिलिग्रॅम प्रथिन असलेले दोन समान भाग करून १० टक्के टीसीएने (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने) प्रथिने खाली बसवावीत आणि वरचे द्रावण पूर्ण काढून टाकावे. ही पायरी क जीवनसत्त्वाच्या प्रयोगात अनिवार्य आहे. ॲस्कॉर्बेटचे ऑक्सिडीकरण झाल्यावर बनणारे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल डीएनपीएचशी स्वतःच अभिक्रिया करते; रो आणि क्यूथर यांनी १९४३ साली क जीवनसत्त्व मोजण्याची जी पद्धत मांडली ती याच अभिक्रियेवर आधारलेली आहे. नळीत ते उरले, तर जीवनसत्त्व दिलेल्या गटातच कार्बोनिल वाढलेले दिसतात आणि विद्यार्थी विनाकारण ‘क’च्या अपायकारकतेवर पानेच्या पाने लिहितो.

एका भागात २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातील १० मिलिमोलर डीएनपीएच अर्धा मिलिलिटर घालावे, दुसऱ्यात तेवढेच नुसते आम्ल घालावे. अंधारात एक तास ठेवून दर १५ मिनिटांनी व्होर्टेक्स करावे. ‘खोलीचे तापमान’ म्हणजे २५ अंश असे गृहीत धरलेले असते. मे महिन्यात आपल्या खोलीत ते ४० च्या आसपास असू शकते, म्हणून २५ अंशांचा वॉटर बाथ वापरावा. त्यानंतर अर्धा मिलिलिटर २० टक्के टीसीए घालून १० मिनिटे बर्फावर ठेवावे, ११,००० जी वर ५ मिनिटे फिरवावे आणि तळाचा साका इथेनॉल व इथाइल ॲसिटेटच्या समभाग मिश्रणाने तीनदा धुवावा. प्रत्येक वेळी साका काचेच्या कांडीने मोडावा, नाहीतर आत अडकलेले डीएनपीएच निघत नाही. तिसऱ्या धुण्यानंतरही वरचे द्रव पिवळे असेल, तर चौथ्यांदा धुवावे. शेवटी ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडच्या १ मिलिलिटरमध्ये ३७ अंशांवर १५ मिनिटे साका विरघळवून, न विरघळलेले कण फिरवून काढावेत आणि ३७० नॅनोमीटरवर शोषण पाहावे.

धुताना प्रथिनांचा काही भाग हमखास जातो. म्हणून सुरुवातीला मोजलेले प्रथिन हिशेबात धरू नये. आम्लाच्या नळीतील अंतिम द्रावणातच प्रथिन मोजावे. प्रथिन मोजण्याची बीसीए पद्धत वापरल्यास नमुना इतका पातळ करावा की ग्वानिडीन ४ मोलरच्या खाली येईल, आणि प्रमाणित प्रथिनाची द्रावणेही तेवढ्याच ग्वानिडीनमध्ये करावीत.

हिशेब असा : डीएनपीएचच्या नळीतून आम्लाच्या नळीचे शोषण वजा केल्यावर ०.०६६ उरले असे समजू. मोलर गुणांक २२,००० धरला की तीव्रता ३ मायक्रोमोलर, म्हणजे मिलिलिटरमागे ३ नॅनोमोल येते. अंतिम प्रथिन मिलिलिटरमागे १.५ मिलिग्रॅम असेल, तर उत्तर मिलिग्रॅम प्रथिनामागे २ नॅनोमोल. या हिशेबात ०.०१ एवढ्या शोषणाच्या चुकीने उत्तर ०.३ नॅनोमोलने हलते, म्हणून गटांतील ०.२ नॅनोमोलच्या फरकावर फार भार टाकू नये. फरक बारीक असेल, तर इम्युनोब्लॉट घ्यावा, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून डीएनपी-विरोधी प्रतिपिंडाने ओळखावीत. कोणत्या आकाराची प्रथिने अधिक ऑक्सिडाइज झाली हेही त्यातून दिसते.

आकडा वाचताना

आघातानंतर कार्बोनिल कमी दिसणे म्हणजे नेहमी आघात कमी होणे नसते. प्रोटिअसोमने ऑक्सिडाइज झालेली प्रथिने लवकर मोडली, तरीही आकडा खाली येतो. म्हणून १, ४ आणि २४ तासांनी नमुने घ्यावेत. पहिल्या तासालाच फरक असेल, तर रक्षण झाले असण्याची शक्यता अधिक. तो फक्त २४ तासांनी उगवत असेल, तर प्रोटिअसोम रोखणारे द्रव्य देऊन पुन्हा पाहावे. टोकोफेरॉलच्या बाबतीत त्याच नमुन्यातील ४-हायड्रॉक्सिनोनेनाल जोडलेली प्रथिने वेगळी मोजावीत. एकूण कार्बोनिल तेवढेच राहून ही जोड घटली असेल, तर टोकोफेरॉलने आपले काम केले आहे. ते पहिल्या वाटेवर उभे नव्हते, इतकेच.

ताटलीतील उत्तर गोळीपर्यंत नेण्याचा मोह मात्र आवरावा. मधुमेह नसलेल्या, यकृतदाहासह मेदयुक्त यकृत असलेल्या प्रौढांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पिव्हन्स चाचणीत दररोज ८०० एकक ई जीवनसत्त्व ९६ आठवडे दिल्यावर ४३ टक्के रुग्णांच्या यकृताच्या ऊतीत सुधारणा दिसली, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ती १९ टक्क्यांत दिसली. दुसऱ्या बाजूला, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत दररोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते ते द्रव्य) घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला, आणि सिलेक्ट चाचणीत दररोज ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. अ जीवनसत्त्वाची अतिमात्रा तर यकृतालाच इजा करते. यांतील कोणताही परिणाम हेपजी-२ च्या ताटलीत दिसला नसता.

प्रबंधात निष्कर्षाचे वाक्य लिहिताना पेशी, जीवनसत्त्वाचे रूप व मात्रा, आधी दिल्याचा कालावधी, आघात, नमुन्याची वेळ आणि ॲस्कॉर्बेट दिले असेल तर कॅटलेजच्या गटाचे उत्तर या सहा गोष्टी त्याच वाक्यात किंवा त्याच्या लगतच्या वाक्यात आल्या पाहिजेत. ‘५० मायक्रोमोलर अल्फा-टोकोफेरॉल २४ तास आधी दिल्यावर टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइडमुळे हेपजी-२ पेशींत चौथ्या तासाला दिसणारी कार्बोनिलची वाढ कमी झाली, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या आघातात असा फरक आढळला नाही’ असे लिहिणे लांबलचक वाटते खरे, पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक जे जे विचारतात, त्यातले बहुतेक त्यात आधीच आलेले असते.